निकालाविना बंद

काकू, आपलं भांडण अर्धं राहिलं. तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि हे अकराही दिवस मी मनातल्या मनात तेच भांडण पुढे नेते आहे. दोन्ही बाजू मीच मांडते. तुमची बाजू मांडताना जरा जास्त जोर लावते, कारण तुम्ही समोर होतात तेव्हा ती मी नीट ऐकून घेतली नव्हती.

तुमच्या अंत्यविधीसाठी मी माझ्या संशोधन संस्थेत रजा मागितली. ऑफिसातल्या बाईंनी फार हळू आवाजात विचारलं की गेलेल्या व्यक्तीशी नातं काय. त्यांच्या फॉर्मवर आईवडील, आजीआजोबा, सासूसासरे असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे किती दिवस मिळतील ते छापलेलं होतं. मी म्हटलं, शेजारी. बाई बिचाऱ्या फॉर्मवर रकाना शोधत राहिल्या. शेवटी मी माझी साधी रजा घेतली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रकाना नसेल तर शेरा लिहायचा, जागा कशाला असते मग. पण त्या फॉर्मवर शेऱ्याची जागा नव्हती हो. मी पाहिलं होतं.

आपली ओळख झाली तीच मुळी माझ्या गलथानपणामुळे. तीन वर्षं झाली त्याला. तुम्ही मुलाकडे, निखिलकडे, टोकियोत फुनाबोरीला नुकत्याच आला होतात. आपल्या इमारतीत कैरानबान फिरते, म्हणजे शेजारसमितीच्या सूचना लावलेली चिमट्याची पाटी. भूकंपाचा सराव कधी, टाकीची सफाई कधी, कचऱ्याचा वार बदलला का, असलं सगळं. ज्याच्या घरी येईल त्याने वाचायची, आपल्या खोलीच्या नंबरापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या दाराशी नेऊन ठेवायची. माझ्याकडे ती आली की माझ्या कागदांच्या ढिगाखाली गडप व्हायची. जपानी माणसं सभ्य, त्यामुळे कुणी काही बोलायचं नाही. मला वाटायचं, चालतं.

मग एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात तुम्ही. सुती साडीवर निखिलचं गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट.

"पाटी तुझ्याकडे अडकलीय," तुम्ही म्हणालात. अडकलीय का, असं विचारलंही नाहीत.

जपानीचं एक अक्षर येत नसताना तुम्ही ती शोधून काढली होतीत. मागच्या खेपेला शिक्के कुठल्या क्रमाने पडले ते तुम्ही बघून ठेवलं होतं. तुमच्याकडे ती मंगळवारी यायची, दोन मंगळवार कोरडे गेले. तुमच्या आधी मी, माझ्या आधी चारशे दोनमधल्या आजी. त्या आजींकडे तुम्ही आधी जाऊन आला होतात आणि खुणा करून खात्री केली होतीत की त्यांनी पुढे दिली. मग माझ्या दाराला हात घातलात. मी ढीग उपसला, पाटी निघाली, आणि मी खजील होऊन तुम्हाला चहाला थांबवलं.

चहा होईपर्यंत तुम्ही माझ्या टेबलावरचे कागद बघत होतात. वर इंग्रजीत कोर्ट असं लिहिलेलं होतं. कसली कोर्टं, असं विचारलंत. मी म्हटलं, अमेरिकेतली संघीय न्यायालयं. मी गणिताची माणूस आहे, कायद्याची नाही, पण खटले किती येतात, किती निघतात, कुठे तुंबतात यावर काम करते. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात की मग हे मला सांगायलाच हवं तुला, मी छत्तीस वर्षं कोर्टात काढलीत.

कोकणातल्या एका जिल्ह्याच्या कोर्टात तुम्ही टायपिस्ट म्हणून लागलात, मग बेंच क्लार्क झालात आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालात. न्यायाधीश तीन वर्षांनी बदलायचे, तुम्ही तिथेच. कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे ते साहेबांना नाही, तुम्हाला माहीत. हे तुम्ही बढाई म्हणून सांगत नव्हतात. स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे आहे ते सांगावं तसं सांगत होतात.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. निखिल आणि तुमची सून नेहा नातीला, ईराला, पोहायच्या क्लासला नेत आणि तुम्ही माझ्याकडे यायचात. इथल्या तांदळाला चिकटपणा फार, तुमची घावनं तव्याला धरून बसायची, आणि दर रविवारी तुम्ही त्या तांदळाला नावं ठेवत पुन्हा घालायचात. मी खात खात अमेरिकेतली कोर्टं समजावून सांगायचे. खरं तर समजून मलाच घ्यायची होती. आकडे माझ्याकडे ढीगभर होते, पण कोर्टाचं ऑफिस आतून कसं चालतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तिथे खटला दाखल झाला की तो कुठल्या न्यायाधीशाकडे जाणार हे चिठ्ठी काढल्यासारखं संगणक ठरवतो, वकिलाला निवडता येत नाही, हे ऐकून तुम्ही मान डोलावलीत. एकदा मिळाला की पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत तो त्याच न्यायाधीशाचा, हे तर तुम्हाला फारच आवडलं. आमच्याकडे एका दाव्याने सात साहेब पाहिलेत, तुम्ही म्हणालात, आणि प्रत्येकाने पहिल्यापासून वाचायचं म्हणून कुणीच वाचलं नाही. खटल्यांना वजन असतं, म्हणजे एखादा गुंतागुंतीचा खटला चार साध्या खटल्यांइतका धरतात आणि त्यावरून कुठल्या कोर्टाला आणखी न्यायाधीश लागतील ते ठरवतात, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात की वजन आम्हीही करायचो, हाताने. फाईल उचलली की कळायचं आजचा बोर्ड, म्हणजे दिवसाची खटल्यांची यादी, संपेल की नाही. तिथले काही न्यायाधीश वय झाल्यावरही कमी काम घेऊन बसत राहतात, हे ऐकून मात्र तुम्ही नाक मुरडलंत. मला कुणी विचारलं नाही हो राहता का म्हणून, असं म्हणालात आणि मग स्वतःच हसलात.

आणि ती सहा महिन्यांची यादी. कुठल्या न्यायाधीशाकडे कुठला अर्ज सहा महिन्यांहून जास्त पडून आहे, ते तिथे वर्षातून दोनदा नावानिशी जाहीर होतं. मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. तुम्ही विचारलंत, यादी निघायच्या आदल्या महिन्यात निकाल वाढतात का? मी आकडे काढून पाहिले. वाढतात. म्हणजे मार्च एंड तिथेही आहे, तुम्ही म्हणालात, आणि एवढ्या समाधानाने चहा प्यायलात की मला तुमचा रागच आला. ज्या गोष्टीवर माझं एक प्रकरण उभं राहिलं असतं ती तुम्ही न बघता ओळखली होतीत.

माझ्याबद्दल तुम्हाला फार आशा होत्या. ईराला तुम्ही सांगायचात की मृणालमावशी कोर्टांचा हिशेब करते. ईरा जपानीत काहीतरी उत्तर द्यायची आणि तुम्ही मला विचारायचात, काय म्हणाली? मी म्हणायचे, छान म्हणाली. ती म्हणाली होती की मावशी नेहमी पायजम्यातच असते.

आता जूनकडे येते. तेच सांगायचं आहे आणि तिथेच माझी गाडी अडते.

माझा निष्कर्ष तयार झाला होता. कुठल्या पद्धतीने काम केलं की खटले लवकर निघतात, याची मी तुलना केली होती. त्यात एक जिल्हा सगळ्यांच्या पुढे होता, इतका पुढे की आलेखात त्याची रेघ वेगळीच दिसायची. तिथे न्यायाधीश दोन्ही वकिलांना लवकर बोलावून घेतात, सगळ्या तारखा सुरुवातीलाच ठरवतात आणि मग ढिल्या सोडत नाहीत. सांगायला सोपं, पटायला सोपं. ओनो-सेन्सेई, माझे प्राध्यापक, एरवी "हं" च्या पलीकडे जात नाहीत, ते म्हणाले, छान आहे. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं हे तुम्हाला माहीत होतं. पुढचं कंत्राट याच पेपरवर होतं हेही माहीत होतं, कारण मी दर रविवारी तेच रडगाणं गायचे.

तुम्ही तो आलेख हातात धरलात, चष्मा वर केलात, खाली केलात.

"एवढं चांगलं कधी नसतं गं," तुम्ही म्हणालात. "महिन्याचा गोषवारा इतका छान दिसला ना, की मी कपाट उघडून बघायचे."

मी विचारलं, कपाटात काय असतं? तुम्ही सांगितलंत, ज्या फायलींना पुढची तारीखच नाही त्या. वरच्या कोर्टाची स्थगिती आली, पक्षकार सापडत नाही, कागद यायचे आहेत, असं काही झालं की ती फाईल रोजच्या बोर्डावरून उतरते. बोर्डावर नाही म्हणजे मोजणीत नाही. मोजणीत नाही म्हणजे कुणी विचारत नाही. तुझ्या अमेरिकेत अशा फायली कुठल्या खान्यात जातात?

मला माहीत होतं कुठे जातात. तिथेही खटला दुसऱ्या कशासाठी थांबला की काही न्यायाधीश तो कारकुनी पद्धतीने बंद करतात. निकाल लागलेला नसतो, कुणी जिंकलेलं हरलेलं नसतं, पण प्रलंबितांच्या यादीतून तो जातो. नियमात बसणारी गोष्ट आहे, वाईट हेतूने करतात असंही नाही. माझ्या आकड्यांत हे खटले 'बंद' म्हणूनच आले होते. आणि मी त्यांना झटपट संपलेले म्हणून मोजून टाकलं होतं. मी तुम्हाला एवढंच म्हटलं की बघते.

तुम्ही गेल्यावर मी खरंच बघितलं. त्याच दुपारी. असे खटले 'बंद' मधून काढून 'चालू' मध्ये टाकले आणि आलेख पुन्हा काढला. तो पहिला जिल्हा खाली आला. फार खाली नाही, मधे कुठेतरी, चारचौघांसारखा. त्याची लवकर बोलावण्याची पद्धत वाईट नव्हती, पण जादूही नव्हती. जादू बरीचशी कपाटातली होती. मी लॅपटॉप मिटला, कपडे वाळत घातले, आणि हे कुणालाही सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये पेपर पाठवला तो जुन्या आलेखासकट.

सप्टेंबरात उत्तर आलं, किरकोळ दुरुस्त्या करा, स्वीकारतो. मी पळत तुमच्याकडे आले. तुम्ही साखर ठेवलीत हातावर, आणि लगेच विचारलंत, कपाट उघडलंस का? मी म्हटलं, हो, फारसा फरक पडत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. छत्तीस वर्षं माणसं तुमच्या टेबलाशी येऊन खोटं बोलत होती, त्यात मी काय नवीन.

मग तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत जी निखिललाही माहीत नाही. आज ती इथे लिहिते आहे. तुमची परवानगी घेता येत नाही, पण गावाचं नाव लिहीत नाही आणि त्या बाईंचंही नाही.

एका बाईंचा अर्ज होता, मुलीचा ताबा मागणारा. नवरा वारला होता, मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली होती, वय चार. सासरचे वरच्या कोर्टात गेले, स्थगिती मिळाली, आणि तुम्ही ती फाईल बोर्डावरून उतरवून कपाटात ठेवलीत, रीतीप्रमाणे. त्या महिन्याचा गोषवारा चांगला गेला. त्या बाई दर महिन्याला यायच्या. एसटीने, लांबून. तुम्ही खिडकीतून सांगायचात, वरून स्थगिती आहे, पत्र आलं की कळवू. त्या मान हलवून जायच्या. भांडल्या नाहीत कधी.

पुढे तुमची बदली दुसऱ्या विभागात झाली, तेव्हा तुम्ही टेबल आवरत होतात. पत्रव्यवहाराच्या बस्त्यात तुम्हाला वरच्या कोर्टाचं पत्र सापडलं. स्थगिती उठवल्याचं. ते येऊन साडेतीन वर्षं झाली होती. आवक रजिस्टरला नोंद होती, आणि नोंदीपुढे सही तुमची. पत्र मूळ फाईलला लावायचं ते चुकून बस्त्याला लागलं होतं, एवढंच. फाईल कपाटात, पत्र बस्त्यात, आणि दोघांच्या मधे तुम्ही खिडकीत बसून, पत्र आलं की कळवू.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही फाईल साहेबांपुढे ठेवलीत. दोन महिन्यांत सुनावणी झाली. बाईंना ताबा मिळाला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि आजीला आई म्हणायची. कोर्टाच्या आवारात तिने आजीचा पदर सोडला नाही, दोन शिपायांना सोडवावा लागला. त्यानंतर त्या बाई तुमच्या नव्या विभागाच्या खिडकीशी आल्या आणि त्यांनी विचारलं, बाई, ते पत्र कधी आलं होतं?

"मी म्हटलं, आत्ताच आलं," तुम्ही मला सांगितलंत. "तिने माझे हात धरले गं. आभार मानले माझे."

 मग तुम्ही हातातल्या बशीवरचे साखरेचे कण बोटाने गोळा करत राहिलात. मी तुमच्या जागी असते तर रडले असते. मी माझ्या जागी होते, आणि मला तुमच्या गोष्टीपेक्षा माझा आलेखच जास्त दिसत होता. माणसाला स्वतःची भीती वाटली की तो समोरच्याला ओरबाडतो. मी म्हटलं, "काकू, तुमची चूक तुम्हाला माझ्या पेपरात धुवून घ्यायची आहे. माझं काय होईल मार्चमध्ये, ते नाही दिसत तुम्हाला."

तुमचा चेहरा पडला नाही. पडला असता तर मी तिथेच गळ्यात पडले असते. तुम्ही बशी उचलून आत गेलात, बाहेर आलात आणि म्हणालात की ईराला आणायची वेळ झाली. ती वेळ झालेली नव्हती.

त्यानंतरचे पाच रविवार मी टाळले. एकदा सर्दी होती, एकदा कावासाकीला मैत्रिणीकडे जायचं होतं, बाकी तीनदा काहीच नव्हतं. जिन्यात भेटलो तर तुम्ही विचारायचात, जेवलीस का? मी हो म्हणायचे. बोलायला हवं हे मला दिसत होतं, तुम्हालाही दिसत होतं. पण आधी बोलणं हे माझं काम होतं, आणि मी ते करत नव्हते.

मग निखिलचा फोन आला की आईला इचिकावाच्या हॉस्पिटलात ठेवलंय, हृदयाचं आहे, बोलते आहे, ये. मी शनिवारी दुपारी आले. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, केस कुणीतरी चुकीच्या बाजूला विंचरले होते. मी वाक्य तयार करून आणलं होतं. ट्रेनमध्ये तीन वेळा म्हणून पाहिलं होतं. पण तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत, किंवा मी तसं मानून घेतलं. तुम्ही नर्सांचं कौतुक करत होतात. दर वेळी नाव विचारतात, तुम्ही म्हणालात, दिवसातून दहा वेळा त्याच बाईला तेच नाव, आणि मनगटाच्या पट्टीशी ताडून बघतात, मगच औषध. मला ओळखतात, तरी विचारतात. याला म्हणतात काम. तुमचा हात माझ्या हातात होता आणि तुम्ही मला नर्सांची शिस्त समजावून सांगत होतात. तेवढ्यात नेहा आली, भेटायची वेळ संपली, आणि मी मनाशी म्हटलं, उद्या रविवारच आहे, उद्या बोलू. तुम्ही रविवारी सकाळी गेलात.

दाहसंस्कार इथल्या रीतीने झाला. नंतर चॉपस्टिक्सने अस्थी उचलायच्या असतात, दोघांनी मिळून एक. निखिलला चॉपस्टिक्स धरवेनात, म्हणून नेहाने मला त्याच्या बरोबर उभं केलं. तिथल्या पांढरे हातमोजे घातलेल्या माणसाने सुरुवातीलाच चिठ्ठीवरचं तुमचं नाव वाचलं, निखिलला विचारलं, बरोबर का? डब्यावरचं नाव वाचलं, पुन्हा विचारलं. मला त्या क्षणी हसू आलं, काकू, आणि मग जे रडू आलं ते थांबेना. या माणसाबद्दल तुम्ही घरी जाऊन किती बोलला असतात ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. निखिल तुमच्या अस्थी डिसेंबरात कोकणात नेणार आहे. मी म्हटलं, मी येते. तो म्हणाला, ये. नातं कुठलं ते त्याने विचारलं नाही.

काल मी ओनो-सेन्सेईंच्या खोलीत गेले. दोन्ही आलेख छापून नेले होते, जुना आणि जूनमधला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काय केलं होतं ते सांगितलं. निकाल न लागता बंद झालेले खटले मी संपलेले म्हणून धरले होते. ते चालू धरले तर आपला पहिला जिल्हा पहिला राहत नाही, आणि पेपरचा मुख्य मुद्दाही राहत नाही. त्यांनी आधी एक, मग दुसरा आलेख जवळ ओढून बघितला. 

मग त्यांनी विचारलं, हे तुझ्या कधी लक्षात आलं?

रागाने नाही. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि मी काहीही सांगितलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं. दुरुस्त्या करताना आत्ताच दिसलं, असं म्हणायला अर्धं वाक्य पुरलं असतं. उलट शाबासकी मिळाली असती, बारकाईने काम करते म्हणून. खरं सांगते, ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

"जूनमध्ये," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पेपर आजच मागे घ्यायला हवा, म्हणाले, पत्र तू लिही, मीही सही करतो. नवा आलेख खरा आहे, त्यावर नवीन पेपर होईल, पण मार्चच्या आत होणार नाही, आणि मार्चनंतरचं मी आता काही सांगू शकत नाही.  आता माझ्याकडे ते पूर्वीसारखे बघणार नाहीत, निदान काही दिवस तरी, हे मला उठताना कळलं. पत्र मी तिथेच बसून लिहिलं. पाठवून झाल्यावर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. भीती वाटली. व्हिसाचं काय, घराचं काय, आईला काय सांगू. अजूनही वाटते आहे.

पण एक गोष्ट कळली, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगू. त्या बाई खिडकीशी आल्या तेव्हा तुम्ही किती घाबरला असाल ते मला काल त्या खोलीत कळलं. तोपर्यंत मी तुमच्या गोष्टीत त्या आईलाच बघत होते, त्या मुलीला बघत होते. तुम्हाला बघितलंच नव्हतं, माझ्यासमोर बसून बोटाने साखर गोळा करणाऱ्या तुम्हाला. तुम्हाला काही धुवून घ्यायचं नव्हतं. ते धुतलं जात नाही हे तुम्हाला माझ्याआधी वीस वर्षं माहीत होतं. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तुम्ही बाहेर काढलीत ती फक्त माझ्यासाठी, मी त्याच खिडकीत जाऊन बसू नये म्हणून. आणि मी त्याला काय म्हटलं.

मी बोलले ते चूक होतं, काकू. मला माफ करा. हे म्हणायला माझ्याकडे पाच रविवार होते आणि एक शनिवार. मला कुणीही अडवलं नव्हतं.